‘अठ्ठावीस-शून्य’ आणि न सांगितलेले बहात्तर डाव

गेल्या शनिवारी रात्री सांगलीहून ताईचा फोन आला आणि ख्यालीखुशाली विचारण्याआधीच तिने प्रश्न टाकला, “अरे, याचा बुद्धिबळाचा क्लास बंद करायचा का?” भाचा अकरा वर्षांचा आहे, दोन वर्षांपासून क्लासला जातो, यंदाच त्याला फिडेचे, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाचे, पहिले रेटिंग मिळाले असून ते साडेचौदाशेच्या आसपास आहे, क्लासबद्दल घरात कोणाचीही तक्रार नव्हती. तक्रार आली ती व्हॉट्सॲपवरून. दाजींच्या ऑफिसच्या ग्रुपवर एक लांबलचक संदेश आला, त्यांनी तो ताईला पाठवला, ताईने मला, आणि रविवारी सकाळपर्यंत तोच संदेश आमच्या सोसायटीच्या ग्रुपवरून आणि एका जुन्या वर्गमित्राकडून असा आणखी दोनदा माझ्याकडे आला. मी संगणकाच्या बुद्धिबळाचा नाद बरीच वर्षे जपला आहे आणि एरवी असले संदेश न वाचता पुसून टाकतो. पण त्यातल्या आकड्यांच्या जोरावर एका मुलाचे शिकणे थांबणार असेल, तर उत्तर देणे भाग आहे.

संदेश म्हणजे एका बुद्धिबळ ॲपची जाहिरात आहे; ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा आशय थोडक्यात सांगतो. अल्फाझीरो या प्रोग्रामने अवघ्या चार तासांत स्वतःहून बुद्धिबळ शिकून स्टॉकफिश या जगज्जेत्या इंजिनाचा, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामचा, शंभर डावांत अठ्ठावीस-शून्य असा धुव्वा उडवला आणि स्टॉकफिश संपले, हा पहिला दावा. त्याला कोणीच काही शिकवले नव्हते, म्हणून क्लास, पुस्तके आणि ओपनिंगचा, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या ठरलेल्या चालींचा, अभ्यास हे सारे निरुपयोगी असून मुलांना रोज चार तास नुसते ॲपबरोबर बसवावे, हा दुसरा. माजी जगज्जेत्या कार्लसनचे सर्वोच्च रेटिंग २८८२ आणि इंजिनाचे ३६००, म्हणजे इंजिन माणसापेक्षा पंचवीस टक्के बलवान आहे, तर ‘आमच्या’ ॲपचे रेटिंग थेट ५००० आहे, हा तिसरा. जे इंजिन सेकंदाला पटावरच्या अधिक स्थिती तपासते ते अधिक बलवान, त्यामुळे १९९७ सालचा डीप ब्लू हा बुद्धिबळाचा महासंगणक आजच्या मोबाईलला भारी पडेल, हा चौथा. सदर ॲपने लॅपटॉपवर दहा डावांत स्टॉकफिशला सहा-चार असे हरवले आहे, हा पाचवा. ज्या मुलाने मोबाईलवर स्टॉकफिशची सहावी पातळी जिंकली त्याची तयारी मास्टरच्या दर्जाची समजावी, हा सहावा. शेवटी त्या ॲपची वर्षाची वर्गणी ४,९९९ रुपये आणि पैसे भरण्याचा क्रमांक.

पहिल्या दाव्यातला अठ्ठावीस हा आकडा खरा आहे, आणि शून्यही खरा आहे. डीपमाइंड या लंडनच्या कंपनीने ५ डिसेंबर २०१७ रोजी जो प्राथमिक शोधनिबंध प्रसिद्ध केला, त्यात अल्फाझीरो आणि स्टॉकफिश ८ यांच्यात शंभर डाव झाल्याचे नोंदवले होते. त्यांपैकी २८ अल्फाझीरोने जिंकले आणि एकही हरला नाही. मात्र २८ आणि शून्य यांची बेरीज शंभर होत नाही, हे संदेश पुढे ढकलणाऱ्या इतक्या सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही लक्षात कसे आले नाही, याचे मला नवल वाटते. उरलेले ७२ डाव बरोबरीत सुटले होते. जिंकलेल्या २८ डावांपैकी २५ पांढऱ्या मोहऱ्यांनी आणि तीन काळ्यांनी जिंकलेले होते. बरोबरीचा अर्धा गुण धरला की निकाल ६४ विरुद्ध ३६ असा लागतो. रेटिंगच्या भाषेत हा फरक साधारण शंभर गुणांचा आहे, म्हणजे चौदाशेचा खेळाडू आणि पंधराशेचा खेळाडू यांच्यात असतो तेवढा. तो नक्कीच मोठा आहे, पण त्याला धुव्वा म्हणत नाहीत.

शिवाय हा सामना कोणत्या अटींवर झाला, हे सांगितल्यावाचून निकालाला अर्थ नाही. स्टॉकफिश ८ ही आवृत्ती नोव्हेंबर २०१६ ची, म्हणजे तेव्हाच वर्षभर जुनी झालेली होती. तिला एकाच वेळी ६४ थ्रेड, म्हणजे समांतर कामे, चालवणारा भक्कम संगणक दिला होता. परंतु आधी तपासलेल्या स्थिती साठवून ठेवण्यासाठी जी स्मृती लागते, ज्याला इंजिनवाले हॅश म्हणतात, ती अवघी एक जीबी होती, आणि इतक्या वेगाने चालणाऱ्या यंत्राला ती फारच तोकडी पडते. प्रत्येक चालीला नेमका एक मिनिट, कमी नाही आणि जास्त नाही, हीदेखील एक अट होती. स्टॉकफिशचे एक मूळ रचनाकार टोर्ड रोमस्टाड यांनी तेव्हाच नेमके या दोन गोष्टींवर बोट ठेवले होते, कारण अडचणीच्या स्थितीत जास्त वेळ घ्यायचा आणि सरळ चालीवर तो वाचवायचा, यासाठी त्या इंजिनावर बरीच मेहनत झालेली आहे, आणि या अटीने ती सगळी बाजूला पडली. दुसऱ्या बाजूला अल्फाझीरो चार टीपीयूंवर, म्हणजे गूगलने अशाच कामासाठी बनवलेल्या खास चिपांवर चालत होता. या दोन यंत्रांना समान म्हणायचे ते कशाच्या आधारावर, किमतीच्या, विजेच्या की घड्याळाच्या, याचे सर्वमान्य उत्तर आजही नाही. इंजिनांची टीसेक ही स्पर्धा २०१० पासून चालू आहे. तिथेही सीपीयूवर, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या प्रोसेसरवर, चालणारी आणि ग्राफिक्स कार्डवर चालणारी इंजिने समोरासमोर बसवताना हा वाद दर हंगामात डोके वर काढतो.

आता एक गोष्ट मान्य करतो, जरा नाइलाजानेच, कारण २०१७ च्या डिसेंबरात मीही ‘सामना फिरवलेला होता’ असे मित्रांना तावातावाने सांगत होतो. डीपमाइंडने या आक्षेपांना पुढच्या वर्षी सविस्तर उत्तर दिले. ‘सायन्स’ या साप्ताहिकाच्या ७ डिसेंबर २०१८ च्या अंकात जो पूर्ण शोधनिबंध आला, त्यात एक हजार डाव होते, प्रत्येक खेळाडूला तीन तास आणि शिवाय प्रत्येक चालीमागे पंधरा सेकंद होते, आणि स्टॉकफिशला ४४ कोअरचा संगणक, ३२ जीबी हॅश व शेवटच्या टप्प्यातल्या स्थितींची अचूक उत्तरे देणारे सिझिजी तक्ते असे सगळे सामान दिलेले होते. निकाल लागला तो असा : अल्फाझीरोचे १५५ विजय, ६ पराभव, ८३९ बरोबऱ्या. अल्फाझीरोला दहापट कमी वेळ देऊनही तोच पुढे राहिला, असेही त्या निबंधात दाखवलेले आहे. तेव्हा २०१८ साली, त्या यंत्रांवर, अल्फाझीरो त्या स्टॉकफिशपेक्षा बलवान होता, याबद्दल शंका घ्यायला जागा उरत नाही. पण जरा निकालाकडे नीट पाहावे. हजारात ८३९ बरोबऱ्या, गुण ५७४.५, आणि रेटिंगमधला फरक सुमारे बावन्न. आधीच्या वर्षी तो शंभर होता. म्हणजे प्रतिस्पर्ध्याला नीट वागवल्यावर आणि दोघांनाही भरपूर वेळ दिल्यावर तोच फरक निम्म्यावर आला. यात कोणाची लबाडी नाही. वेळ वाढला की दोन्ही बाजू कमी चुका करतात, बरोबऱ्या वाढतात, आणि त्याच दोन इंजिनांमधले अंतर आकसलेले दिसते. ‘अमुक इंजिन तमुकपेक्षा किती गुणांनी बलवान’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ‘किती वेळात आणि कशावर’ असे विचारावे लागते ते यासाठी.

‘स्टॉकफिश संपले’ हे तर उघड खोटे आहे. अल्फाझीरोच्या निबंधावरून प्रेरणा घेऊन २०१८ मध्ये हौशी मंडळींनी लीला हे मुक्त इंजिन उभे केले, त्याने २०१९ मध्ये टीसेकच्या पंधराव्या हंगामात स्टॉकफिशला ५३.५ विरुद्ध ४६.५ असे हरवले, २०२० मध्ये सतराव्या हंगामात पुन्हा हरवले, आणि तेव्हा काही काळ खरोखरच वाटले की माणसांनी लिहिलेल्या नियमांनी स्थिती जोखण्याच्या जुन्या पद्धतीचे दिवस भरले. मग सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ आले. यू नासू या जपानी संशोधकाने शोगी या जपानी बुद्धिबळासाठी एक हलके न्यूरल नेटवर्क, म्हणजे डावांवरून स्थिती जोखायला शिकणारी गणिती रचना, तयार केले होते, जे साध्या सीपीयूवरही वेगाने चालते. स्टॉकफिशने ते स्वतःच्या शोधपद्धतीला जोडून घेतले. स्टॉकफिश ११ शी सामना लावल्यास नवी आवृत्ती जितक्या डाव-जोड्या (एकच ओपनिंग दोन्ही रंगांनी खेळलेले दोन डाव) हरते त्याच्या किमान दहापट जिंकते, असे तिच्या कर्त्यांनी तेव्हा जाहीर केले. त्यानंतर टीसेकच्या अंतिम लढती एकामागून एक स्टॉकफिशनेच जिंकल्या. ज्या स्टॉकफिश ८ ला अल्फाझीरोने हरवले, त्याला आजचे स्टॉकफिश किती सहज हरवते हे कोणीही घरच्या संगणकावर पाहू शकतो. आजच्या स्टॉकफिशसमोर अल्फाझीरो काय करील हे मात्र कोणी पाहू शकत नाही, कारण डीपमाइंडने तो प्रोग्राम कधी लोकांच्या हाती दिलाच नाही.

दुसऱ्या दाव्याकडे वळतो, कारण ताईचा फोन त्याच्यामुळे आला होता आणि सगळ्या संदेशात घातक म्हणावे असे काही असेल तर ते हेच आहे.

‘चार तासांत शिकला’ हे वाक्य वाचताना आपल्या डोळ्यांसमोर काय येते? एक हुशार विद्यार्थी दुपारी एक वाजता पटासमोर बसला आणि पाच वाजता जगज्जेता होऊन उठला, असेच ना? प्रत्यक्षात त्या प्रशिक्षणात स्वतःशी डाव खेळण्याच्या कामाला पाच हजार टीपीयू जुंपलेले होते आणि त्या डावांवरून नेटवर्क सुधारण्यासाठी आणखी चौसष्ट वेगळे होते. चार तास गुणिले पाच हजार म्हणजे वीस हजार तास. एकाच चिपवर हे काम रात्रंदिवस चालवले असते तर सव्वादोन वर्षे लागली असती. पूर्ण प्रशिक्षण चार नव्हे तर नऊ तासांचे होते, आणि ‘सायन्स’मधल्या निबंधानुसार त्यात चार कोटी चाळीस लाख डाव खेळले गेले. माझ्या भाच्याने शाळा, जेवण आणि झोप सांभाळून रोज दहा डाव खेळायचे ठरवले, आणि दिवाळीचीही सुट्टी घेतली नाही, तर तेवढे डाव संपायला त्याला बारा हजार वर्षे लागतील. मुलाने रोज चार तास ॲपबरोबर बसावे, हा सल्ला ज्या कोणी या चार तासांवरून काढला, त्याने निबंध वाचलेला नाही किंवा वाचून तो लपवला आहे. यांतले काय खरे, ते मला ठरवता येत नाही.

‘कोणीच शिकवले नाही’ यात अर्धे सत्य आहे, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. अल्फाझीरोला खेळाचे नियम सांगितलेले होते, पण माणसांचा एकही डाव दाखवलेला नव्हता. वजिराचे मोल किती आणि प्याद्याचे किती, हेदेखील सांगितलेले नव्हते. ही कामगिरी असामान्य आहे. मात्र त्यावरून ‘पुस्तके जाळा’ असा निष्कर्ष काढणाऱ्याने त्याच निबंधातला ओपनिंगबद्दलचा तक्ता पाहायला हवा होता. माणसांमध्ये सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या बारा ओपनिंग तिथे घेतल्या आहेत, आणि त्यांतली प्रत्येक अल्फाझीरोने कोणी न सांगता स्वतःच शोधून काढली व प्रशिक्षणात वारंवार खेळली, असे संशोधकांनी नोंदवले आहे. इंग्लिश आणि क्वीन्स गँबिट त्याला शेवटपर्यंत आवडत राहिल्या, तर फ्रेंच बचाव काही काळाने मागे पडला. याचा अर्थ असा, की पुस्तकात जे छापलेले आहे त्याच्यापाशीच तो कोट्यवधी डावांचा खर्च करून पोचला. ते पुस्तक आपल्याकडे दोन-तीनशे रुपयांत मिळत असताना मुलाला पाच हजार चिपांच्या वाटेने पाठवायचे कशासाठी?

आणखी एक बाब मला याहून महत्त्वाची वाटते. अल्फाझीरो शिकत असताना समोर कोण बसलेले होते? तो स्वतःच. म्हणजे प्रत्येक डावात प्रतिस्पर्धी त्याच्या बरोबरीचाच होता. पहिल्या तासाला दोघेही अडाणी होते आणि चौथ्या तासाला दोघेही प्रवीण. अशा लढतीत कधी हा जिंकतो, कधी तो, आणि प्रत्येक निकालातून काहीतरी नवे कळते. संदेश मुलाला जे सांगतो ते याच्या बरोबर उलट आहे. साडेचौदाशेच्या मुलाला पूर्ण ताकदीच्या इंजिनासमोर बसवले तर तो हजार डाव खेळेल आणि हजारही हरेल. त्या हजार पराभवांतून त्याला एवढेच कळेल की आपण हरतो. कुठल्या चालीला आपला विचार चुकला, उंट अदलाबदलीत द्यायला नको होता की हत्ती आधी खुल्या पट्टीवर आणायला हवा होता, हे सांगायला कोणीतरी लागते, आणि तो त्याचा सर आहे. इंजिन उत्तम चाल दाखवते, पण ‘तू ही चाल का खेळलास?’ असे मुलाला विचारत नाही. अल्फाझीरो बनवणाऱ्या कंपनीचे प्रमुख डेमिस हसाबिस हे स्वतः बालपणी स्पर्धा खेळत मास्टर दर्जापर्यंत पोचलेले बुद्धिबळपटू आहेत, हे जाता जाता सांगून ठेवतो.

तिसरा दावा रेटिंगच्या भागाकाराचा आहे. रेटिंगची ही पद्धत अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने बसवली आणि फिडेने ती १९७० मध्ये स्वीकारली. तिच्यात फक्त वजाबाकीला अर्थ आहे. दोघांत दोनशे गुणांचे अंतर असेल तर वरच्याला शंभर डावांत सुमारे ७६ गुण मिळावेत, चारशेचे असेल तर ९१, एवढेच ती सांगते. सगळ्यांच्या रेटिंगमध्ये हजार मिळवले तरी एकाही डावाचे भाकीत बदलणार नाही, म्हणजेच शून्य कुठे धरायचे हे निव्वळ सोयीचे आहे. नागपुरात ४५ अंश आणि महाबळेश्वरात १५ अंश असताना नागपूर तिप्पट तापले असे आपण म्हणत नाही. ३६०० ला २८८२ ने भागून ‘पंचवीस टक्के’ काढणे त्याच जातीचे आहे.

त्याहून मोठा घोळ असा, की हे दोन आकडे एकाच यादीतले नाहीत. कार्लसनचे २८८२ हे मे २०१४ मधले फिडे रेटिंग आहे, जे माणसांनी माणसांशी खेळून मिळवायचे असते. इंजिनाचे ३६०० आणि वरचे आकडे सीसीआरएलसारख्या याद्यांमधून येतात, आणि तिथे इंजिने एकमेकांशीच, ठरावीक यंत्रावर, ठरावीक वेळात खेळतात. या दोन जगांमध्ये नियमित सामने आता होत नाहीत, त्यामुळे एका यादीतला आकडा दुसरीत नेऊन ठेवता येत नाही. स्वीडनची संगणक बुद्धिबळ संघटना १९८० च्या दशकापासून अशी यादी काढते. माणसांच्या रेटिंगशी मेळ राहावा म्हणून २००० साली तिने आपल्या यादीतल्या सगळ्या प्रोग्रामांचे गुण एकदम शंभरने खाली आणले. त्या दिवशी जगातले एकही इंजिन दुबळे झाले नाही! इंजिन माणसापेक्षा प्रचंड बलवान आहे हे खरेच आहे, त्याबद्दल वाद नाही. किती, हे त्या दोन आकड्यांच्या भागाकारातून कळत नाही.

आणि ५००० हा आकडा आला कुठून? रेटिंग कोणाला तरी हरवून मिळते. ज्यांचे रेटिंग ३६०० आहे त्यांच्याशी खेळून ५००० मिळवायचे, तर दीड हजार डावांत एखादी बरोबरी सोडता बाकी सगळे डाव जिंकावे लागतील. आजची अव्वल इंजिने नेहमीच्या सुरुवातीच्या स्थितीपासून खेळताना एकमेकांशी इतक्या सर्रास बरोबरी करतात, की स्पर्धांचे आयोजक मुद्दाम एका बाजूला झुकलेल्या ओपनिंग निवडून देतात, नाहीतर निकालच लागत नाही. तेव्हा असे रेटिंग कोणत्याही यादीत मिळण्याची वाट मला तरी दिसत नाही.

चौथ्या दाव्याला फार वेळ देण्याची गरज नाही, कारण पहिला दावा त्याला स्वतःच खोडतो. अल्फाझीरो सेकंदाला सुमारे ८० हजार स्थिती तपासत होता आणि स्टॉकफिश सात कोटी, हे त्याच २०१७ च्या निबंधात आहे. वेग हीच ताकद असती तर संदेशाची सुरुवातच झाली नसती. डीप ब्लू सेकंदाला २० कोटी स्थिती पाहत असे आणि मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला त्याने तेव्हाच्या जगज्जेत्या कास्पारोव्हला साडेतीन विरुद्ध अडीच असे हरवले, हे ऐतिहासिकच आहे. पण २००९ साली ब्युनोस आयर्सच्या एका स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ ४ हा प्रोग्राम एचटीसीच्या साध्या मोबाईलवर चालून दहापैकी साडेनऊ गुण मिळवून गेला, त्याची त्या स्पर्धेतली कामगिरी २८९८ रेटिंगची भरली, आणि तो सेकंदाला वीस हजार स्थितीही पाहत नव्हता. कोणत्या फांद्या तपासायच्याच नाहीत हे ज्याला कळते, त्याला सगळे झाड हलवावे लागत नाही.

पाचवा दावा, दहा डावांत सहा-चार. दहा वेळा नाणे उडवून सहा वेळा छापा पडला तर नाणे खोटे आहे असे कोणी म्हणत नाही. दहा डावांच्या या निकालातून गणित मांडले, आणि त्यांतले निम्मे बरोबरीत सुटले असे धरले, तर सहा गुणवाला दुसऱ्यापेक्षा अडीचशे गुणांनी बलवान असू शकतो किंवा ऐंशी गुणांनी दुबळाही असू शकतो; कोण वरचढ एवढेही त्यातून ठरत नाही. डीपमाइंडच्या शंभर डावांतून निघालेल्या शंभर गुणांच्या फरकातही तीसेक गुण इकडे किंवा तिकडे धरावे लागतात. स्टॉकफिशमध्ये एखादी बारीक सुधारणा करायची असेल, जिचा लाभ दोन-तीन गुणांचाच अपेक्षित आहे, तर फिशटेस्ट या व्यवस्थेत स्वयंसेवकांचे संगणक त्यासाठी दहा-दहा हजारांनी डाव खेळतात, आणि पुरेसा पुरावा साचल्याखेरीज ती सुधारणा स्वीकारली जात नाही. तिथे प्रत्येक ओपनिंग दोनदा खेळतात, एकदा याला पांढरी मोहरी आणि एकदा त्याला, म्हणजे सुरुवातीच्या स्थितीचा फायदा कोणा एकाच्या पदरात पडत नाही. त्या लॅपटॉपवरच्या दहा डावांत ओपनिंग कोणत्या होत्या, वेळ किती होता, दोन्ही इंजिनांना सारखेच थ्रेड दिले होते का, यातले काहीच संदेशात नाही. स्टॉकफिशला एक थ्रेड आणि एक सेकंद देऊन समोरच्याला आठ थ्रेड आणि एक मिनिट दिला, तर तेच स्टॉकफिश स्वतःच्याच दुसऱ्या प्रतीकडून हरेल.

सहाव्याबद्दल दोनच वाक्ये. मोबाईलवरच्या पातळ्या म्हणजे मुद्दाम आंधळे केलेले स्टॉकफिश असते, त्याला कमी खोल पाहायला आणि मधूनमधून कच्ची चाल निवडायला सांगितलेले असते, आणि एका ॲपची सहावी पातळी दुसऱ्याच्या सहावीशी जुळेलच असे नाही. मुलाने ती जिंकली तर त्याचे कौतुक जरूर करावे, पण मास्टर म्हणण्यासाठी फिडेची वेगळी व्यवस्था आहे.

राहता राहिली ती ४,९९९ रुपयांची वर्गणी. ॲपमध्ये ‘खरा अल्फाझीरो’ आहे असेही संदेशात म्हटले आहे. वर सांगितल्याप्रमाणे अल्फाझीरो बाहेर कोणालाच दिलेला नाही, त्यामुळे त्या ॲपमध्ये दुसरे काहीही असेल, तो नाही. स्टॉकफिश आणि लीला ही दोन्ही इंजिने फुकट मिळतात, त्यांचा स्रोतही खुला आहे. दाजींनी पैसे भरले नव्हते, हे ऐकून बरे वाटले; क्लासही चालू राहणार आहे.

भाच्याला मात्र या सगळ्यातून वेगळेच खूळ लागले. त्याने दाजींच्या लॅपटॉपवर स्टॉकफिश ११ आणि एक अलीकडची आवृत्ती अशा दोन उतरवून घेतल्या, मी फोनवर सांगितल्याप्रमाणे दोघांना सारखेच थ्रेड आणि सारखीच हॅश दिली, वीस ओपनिंग निवडल्या आणि प्रत्येक दोन्ही रंगांनी, असे चाळीस डाव लावून दिले. मंगळवारी रात्री त्याचा फोन आला तेव्हा चौदा डाव झाले होते.

“मामा, नवीनवाला पाच-शून्यने पुढे आहे!”

“आणि बाकीचे नऊ?” मी विचारले.